कागद आधी, मग शाई, पेन सगळ्यात शेवटी

क्योतो,
८ जून

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार. आईला साष्टांग नमस्कार, दाजींना नमस्कार, सईला गोड पापा.

पार्सल निघालंय, पण हे पत्र त्याच्या आधी हातात पडेल. पत्र जपून ठेव. आतल्या पाकिटांवरच्या सूचना सगळ्या जपानीत आहेत, आणि यातल्या निम्म्या वस्तू नीट वापरल्या नाहीत तर पहिल्याच आठवड्यात वाया जातात. म्हणून जरा पाल्हाळ लावून लिहितेय.

आधी एक सांगते. चित्राच्या, अक्षराच्या सामानावर पैसे घालायचेच असतील तर आधी कागदावर घालावेत, मग शाईवर, आणि पेन-ब्रशवर सगळ्यात शेवटी. दुकानात शिरलं की माणूस नेमका उलटा चालतो. काचेच्या कपाटातला पेन डोळ्यांत भरतो आणि कागद म्हणून कोपऱ्यातली कुठली तरी वही उचलली जाते. चांगल्या कागदावर साधा टाकसुद्धा सुरेख चालतो. वाईट कागदावर हजारो येनांचा पेनही फुटलेल्या रेघा काढतो. पार्सलही मी याच हिशेबाने भरलंय: निम्म्याहून जास्त वजन कागदाचं आहे.

सगळ्यात पातळ वही तोमोए रिव्हर नावाच्या कागदाची आहे. चौरस मीटरला ५२ ग्रॅम वजनाचा कागद. आपल्याकडे झेरॉक्सला वापरतात तो ७० ते ८० ग्रॅमचा असतो, त्यावरून अंदाज कर. एवढा पातळ असूनही शाई मागे फुटत नाही, कारण ती कागदात शिरण्याआधी वरच रेंगाळते. त्यामुळे एकाच रेघेत शाईच्या दोन-तीन छटा दिसतात: जिथे पेन थांबला तिथे गडद, जिथे धावला तिथे फिकी. या गुणाची किंमतही मोजावी लागते. शाई वाळायला वेळ लागतो, भरून आलेली रेघ असेल तर मिनिटभरसुद्धा. सई डावखुरी आहे, तिचा हात लिहिलेल्यावरून फिरणार. तिला सोबतचा टीपकागद वहीतच ठेवायला सांग, आणि तो घासायचा नाही, नुसता टेकवायचा. दुसरं म्हणजे तळहाताखाली एक कोरा कागद धरायचा. हाताचं तेल लागलं की त्या जागी शाई धरत नाही, रेघ तुटक येते आणि आपण उगीच पेनला दोष देतो. मागच्या पानावरची अक्षरं पुढे दिसतात, म्हणून चित्रासाठी एकच बाजू वापरा. जलरंग यावर नकोतच, कागद सुरकुततो. हा कागद बनवणाऱ्या मूळ कंपनीने तो थांबवला आणि २०२१ पासून सान्झेन नावाची दुसरी कंपनी बनवते. इथली पेनवेडी मंडळी जुना आणि नवा यांवर तासन्‌तास वाद घालतात. तू त्यात पडू नकोस, दोन्ही चांगले आहेत.

जलरंगाचा जाड कागद वेगळ्या पिशवीत आहे. ती पिशवी पावसाळ्यात उघडी ठेवायची नाही. कारखान्यात कागदाला सरसाचा किंवा तसलाच हात दिलेला असतो, त्यामुळे पाणी वर टिकतं. दमट हवेत महिनोन्‌महिने राहिला की तो थर जागोजागी मरतो. बघून काही कळत नाही. रंगाचा पहिला हात मारला की मधेच गडद ठिपके उमटतात, तिथे रंग टीपकागदात शिरावा तसा आत जातो. इथले कारागीर म्हणतात, कागदाला सर्दी झाली. झालेली सर्दी बरी होत नाही, म्हणून आधीच जपायचं: झिपची पिशवी, आत सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या, आणि पिशवी भिंतीला टेकलेल्या कपाटात न ठेवता वरच्या फळीवर. सर्दी झालेला कागद टाकून देऊ नकोस. त्यावर पोस्टर कलर किंवा ॲक्रिलिक छान बसतं, पेन्सिलीला तर काहीच फरक पडत नाही.

शोषून घेणाऱ्या कागदाला घरी हात देता येतो. पुण्याच्या हातकागद संस्थेचा (१९४० पासूनची) जो कागद तू आणतेस, त्यातला जो जास्त पाणी पितो त्याच्यासाठी हे लिहून ठेव. इथे याला दोसा म्हणतात. सईला हसू येईल, पण आत सरस आणि तुरटी असते. अर्धा लिटर पाणी, १० ग्रॅम जिलेटिन, २ ग्रॅम तुरटी. हार्डवेअरच्या दुकानातला तपकिरी सरस नको, त्यात कचरा असतो. केकच्या सामानाच्या दुकानात साधं, बिनसाखरेचं, बिनवासाचं जिलेटिन मिळतं ते घे. ते थंड पाण्यात अर्धा तास फुगू दे. मग भांडं दुसऱ्या गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून विरघळव. बोट जेमतेम क्षणभर ठेवता येईल इतकंच गरम, उकळी अजिबात नको, उकळलं की सरसाची पकड जाते. तुरटी वेगळ्या वाटीत कोमट पाण्यात विरघळवून शेवटी ढवळत घाल. कोमट असतानाच रुंद, मऊ ब्रशने एकाच दिशेने कागदावर ओढ, आणि दोरीला लटकवून वाळव. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावर पाण्याचा थेंब टाकून बघ. तो गोल उभा राहिला म्हणजे झालं, लगेच पसरला तर मागच्या बाजूनेही एक हात दे. तुरटी जास्त झाली तर कागद आंबटतो, काही वर्षांत पिवळा आणि कुरकुरीत होतो, म्हणून तिथे अंदाजपंचे नको. उरलेलं मिश्रण टाकून दे, एक-दोन दिवसांत वास मारतं. हा उद्योग पावसाळ्यात करूच नकोस, कागद वाळण्याआधी बुरशी धरेल. आणि हो, जिलेटिन बहुतेक जनावराच्या कातड्या-हाडांचं असतं. आईच्या पातेल्यात करू नकोस, जुना डबा वापर.

आता शाई. लाकडी पेटीत जी काळी वडी आहे ती सुमी, आणि कापडात गुंडाळलेला १३५ बाय ७५ मिलिमीटरचा दगड म्हणजे सुझुरी. इथली शाळकरी मुलंही याच मापाचा दगड वापरतात. वडी नाराची आहे. क्योतोहून रेल्वेने पाऊण तासावर असलेल्या या गावात जपानातल्या बहुतेक सुम्या बनतात, आणि तिथलं कोबाइएन हे दुकान १५७७ पासूनचं आहे. वडीत दोनच मुख्य जिन्नस: काजळी आणि सरस, वजनाने साधारण दहाला सहा. मोहरीच्या जातीच्या बियांचं किंवा तिळाचं तेल जाळून धरलेली काजळी असेल तर काळ्यात ऊबदार, तपकिरी झाक येते. चीड (पाइनचं झाड) जाळून धरलेली असेल तर निळसर. पार्सलमधली तेलाची आहे. सुमी फक्त थंडीच्या महिन्यांत करतात, ऑक्टोबर ते एप्रिल, कारण उन्हाळ्यात सरस नासतो. साच्यातून काढलेली वडी सरळ हवेत ठेवली तर तडकते. म्हणून ती आधी राखेत पुरतात, रोज आधीपेक्षा कोरडी राख, आणि मग गवताच्या दोरीत ओवून महिनोन्‌महिने टांगून ठेवतात. सरसाचा वास झाकायला त्यात सुगंध घालतात. आईच्या नाकाशी धर आणि काही सांगू नकोस. ती लगेच ओळखेल, कारण तो सुगंध भीमसेनी कापराच्याच घराण्यातला आहे.

उगाळायचं सहाणेवर चंदन उगाळतो तसंच, फरक एवढाच की जोर द्यायचा नाही. दगडाला एक सपाट भाग असतो आणि एका टोकाला खोलगट. सपाट भागावर अर्धा चमचा, म्हणजे दोन-अडीच मिलिलिटर पाणी घाल. वडी उभी किंवा किंचित कललेली धर आणि तिच्या स्वतःच्या वजनाने गोल-गोल फिरव. दाबलं की काजळीचे कण भरड निघतात आणि शाई कागदावर रेतीसारखी दिसते. पाच ते दहा मिनिटांत पाणी जड होतं, वडी फिरल्यावर मागे तिची वाट काही क्षण दिसत राहते. तेव्हा ते खोलगट भागात ढकल आणि सपाटीवर पुन्हा थोडं पाणी घे. एकदम पाणी ओतून तासभर घासत बसू नये, त्यात शाई कधीच नीट गडद होत नाही आणि वडीचं टोक पाण्यात भिजून मऊ पडतं. पाणी गार नको. थंडीत सरस लवकर सुटत नाही, तुमच्याकडे डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी कोमट पाणी घे.

संपलं की वडीचं ओलं टोक लगेच जुन्या कापडाने टीप. तशीच दगडावर ठेवली तर चिकटते, आणि काढताना दगडाचा टवका निघतो. उन्हात, पंख्याखाली ठेवू नकोस, चिरा पडतात. दगड नुसत्या पाण्याने बोटाने धू, साबण नको, घासणी तर नकोच. त्याच्या अंगावर डोळ्याला न दिसणारे बारीक दात असतात, तेच शाई खरवडून काढतात. वाळलेली शाई त्यांत भरली की दगड गुळगुळीत होतो आणि मग कितीही उगाळा, पाणी राखाडीच राहतं. उगाळलेली शाई त्याच दिवशी संपव. साताऱ्याच्या एप्रिल-मेमध्ये संध्याकाळपर्यंतही टिकायची नाही, सरस आणि काजळी वेगळे व्हायला लागतात. आणि ही शाई फाउंटन पेनमध्ये कधीच भरायची नाही. सरस आत वाळला की तो पेन गेलाच समज.

सई विचारेल, बाटलीतली तयार शाई असताना एवढा खटाटोप कशाला? ठरावीक रेघेसाठी बाटलीच बरी, हे मी मान्य करते. पण उगाळलेल्या शाईचा पातळ हात बाटलीला जमत नाही. एक थेंब शाईत दहा थेंब पाणी घालून मार, कडेला जी मऊ राखाडी उतरते ती बघ. शिवाय ती दहा मिनिटं हाताला काम असतं आणि डोकं मोकळं असतं. काय काढायचं ते बहुतेक वेळा तेवढ्यात ठरून जातं.

ब्रश हिरोशिमाजवळच्या कुमानो गावचे आहेत. नव्या ब्रशचं टोक खळीने कडक केलेलं असतं. बारीक ब्रशचा फक्त खालचा तिसरा हिस्सा कोमट पाण्यात सोडव, वरची खळ तशीच राहू दे, म्हणजे टोक ताब्यात राहतं. जाड ब्रश पूर्ण सोडवला तरी चालतो. सोबत येणारी प्लास्टिकची नळी फक्त प्रवासापुरती. ओल्या ब्रशवर ती पुन्हा चढवली की मुळाशी बुरशी येते आणि केस झडतात. धुऊन, बोटांनी टोक जुळवून, टोक खाली करून टांगायचा.

आता ज्यासाठी हे सगळं, ती एतेगामी. म्हणजे पोस्टकार्डावरचं चित्र आणि दोन-चार शब्द. इथे निवृत्त माणसं, घरातल्या बायका, शाळकरी पोरं, सगळी करतात आणि एकमेकांना टपालाने पाठवतात. कार्ड १०० बाय १४८ मिलिमीटरचं, गासेनशी कागदाचं, आणि तो मुद्दामच शोषणारा असतो. त्याला वरची सरस-तुरटी लावू नकोस, मजाच जाईल.

ब्रश अगदी वरच्या टोकाला, दोन-तीन बोटांत, उभा धरायचा. कोपर टेबलावरून उचललेलं. रेघ इतकी हळू ओढायची की हात थरथरेल, आणि ती थरथर तशीच राहू द्यायची. हात सराईत आहे त्याला हे सगळ्यात अवघड जातं, म्हणून तुला सईपेक्षा जास्त दिवस लागतील! आधी पेन्सिलीने काढायचं नाही, पुसून पुन्हा करायचं नाही. वस्तू समोर ठेवूनच काढायची, वांगं, मिरची, आल्याचा तुकडा, काहीही. आणि मोठी काढायची, कार्डाच्या कडेबाहेर गेली तरी चालेल. मधोमध चिमुकली वस्तू आणि भोवती रिकामं मैदान, ही सगळ्यांची पहिली अडचण. वस्तूचा सगळ्यात पुढे आलेला भाग आधी काढला तर ती टळते: मिरचीचं देठ, वांग्याचा मुकुट.

रेघ वाळली की रंग. पार्सलमध्ये गानसाईच्या बारा वड्या आहेत. आपल्या जलरंगांपेक्षा यांत चिकट द्रव्य जास्त, म्हणून रंग दाट बसतो आणि किंचित चमकतो. वापरण्याआधी प्रत्येक वडीवर पाण्याचा एक थेंब टाकून मिनिटभर थांब, कोरडी वडी घासली की ब्रशचं टोक जातं. रंग काठापर्यंत भरायचा नाही, मधे-मधे कागद पांढरा सोडायचा, प्रकाश तिथूनच येतो. एकावर एक थर देऊ नकोस. खालचा रंग पाणी लागताच उठतो आणि चिखल होतो. दोन रंग हवे असतील तर शेजारी-शेजारी ओले ठेव, ते आपापसात मिसळतात. रंग कार्डावर फार पसरत असेल तर दोष पाण्याचा: ब्रश भिजवून एकदा फडक्याला टेकव, मग रंग घे. काम झालं की पेटीचं झाकण रात्रभर उघडं ठेव. ओल्या वड्या बंद केल्या तर पावसाळ्यात चार दिवसांत त्यांवर पांढरी लव येते. आलीच तर ओल्या कापसाने वरचा थर पुसून सावलीत वाळव, रंग वाया जात नाही.

शेवटी एक छोटा लाल शिक्का. त्याशिवाय कार्ड अपुरं वाटतं, आणि काळ्या-राखाडी चित्रात तो एवढासा लाल ठिपका सगळं जाग्यावर आणतो. शिक्का खोडरबराचा करायचा, दोन पांढरे ठोकळे ठेवलेत. एक सेंटिमीटरचा चौकोन काप. ट्रेसिंग पेपरवर मऊ पेन्सिलीने ‘स’ लिही, तो कागद उलटा करून रबरावर ठेव आणि नखाने घास. अक्षर आपोआप उलटं उमटतं, म्हणजे छापल्यावर सुलटं येईल. पातं अक्षरापासून बाहेरच्या बाजूला तिरकं धरायचं. सरळ किंवा आत कललेलं कापलं की अक्षराखालचा आधार जातो आणि चार-पाच छापांत बारीक रेघा वाकतात. खोली दीड-दोन मिलिमीटर पुरते. देवनागरीसाठी एक सोय सांगते: शिरोरेषा चौकोनाच्या अगदी वरच्या कडेलाच घ्यायची, तीच शिक्क्याची वरची चौकट होते आणि अक्षराला खाली जागा मिळते. सईला पातं एकटीला देऊ नकोस. ते ओल्फा कंपनीचं, तुकड्या-तुकड्याने मोडायचं पातं आहे. हे पातं १९५६ साली ओसाकात निघालं, टोक बोथट झालं की खाचेवर मोडायचं. मोडताना पक्कड वापर आणि तुकडा जुन्या डबीत टाक, केराच्या पिशवीत नको.

इथून परदेशी पोस्टकार्ड स्वस्तात जातं, त्यामुळे मी कार्डं पाठवत राहीन. पत्ता मराठीत लिहिला तरी पोचतं, फक्त देशाचं नाव रोमन अक्षरांत हवं.

पेनांबद्दल थोडक्यात. पारदर्शक आहे तो प्लॅटिनम कंपनीचा प्रेपी, साधारण पाचशे येनाचा. त्याच्या टोपणात आत स्प्रिंगवर बसणारं दुसरं टोपण आहे, ते निबावर घट्ट बसतं, म्हणून वर्षभर न वापरताही शाई वाळत नाही असा कंपनीचा दावा आहे. म्हणूनच त्यात कार्बन शाई भरायची. ही खरी काजळीची, वाळल्यावर पाण्याने न हलणारी शाई आहे. रेखाटन करून पाच मिनिटांनी वरून जलरंग मारला तरी रेघ जागची हलत नाही. अटी तीन: दुसऱ्या कुठल्याही शाईत मिसळायची नाही, गोळे होतात. टोपण उघडं ठेवायचं नाही. आणि दोन-तीन आठवड्यांनी निब कोमट पाण्यात धुवायचं, पाणी स्वच्छ येईपर्यंत.

हसरा चेहरा असलेलं निब सईचं. पायलटचा काकुनो, २०१३ मध्ये मुलांसाठी काढलेला. धरायची जागा तिकोनी आहे, म्हणजे बोटं आपोआप नीट बसतात, आणि चेहरा आपल्याकडे बघत असला की निब बरोबर धरलंय. दोन्ही कंपन्यांच्या शाईच्या नळ्या एकमेकींना लागत नाहीत, आपल्याकडे मिळणाऱ्या सर्वसाधारण नळ्याही यांत बसत नाहीत. म्हणून सोबतच्या रिकाम्या नळ्या फेकू नका. बोथट सुईची सिरिंज ठेवली आहे, तिने पुन्हा भरा, पूर्ण काठोकाठ नको. आपली कॅमलची साधी फाउंटन पेनची शाई काकुनोत उत्तम चालते. पण कॅमलचीच वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक चुकूनही नाही, ती टाकासाठी आणि ब्रशसाठी आहे. दाजींना सांग, १९३१ ची आपली कॅमलिन आता अर्धी-अधिक जपानी आहे: ओसाकाच्या कोकुयो कंपनीने २०११ मध्ये तिचा मोठा हिस्सा घेतला. इथल्या प्रत्येक कोपऱ्यावरच्या दुकानात दिसणाऱ्या कॅम्पस वह्या त्याच कोकुयोच्या.

रंगीत कागदी चिकटपट्ट्या बघून सई हरखेल. ओकायामातल्या कुराशिकीची कामोई काकोशी ही कंपनी १९२३ मध्ये माश्या पकडायचे चिकट कागद करायची. पुढे रंगाऱ्यांच्या मास्किंग टेप करू लागली, आणि २००८ पासून या शोभेच्या पट्ट्या. सजावट करा, पण खरा उपयोग चित्राच्या कडा स्वच्छ ठेवायला. लावण्याआधी पट्टी एकदा कपड्यावर चिकटवून काढ, पकड जरा कमी होते. रंग पूर्ण वाळल्यावरच, पट्टी स्वतःवर दुमडून, सावकाश ओढ. वर उचलून ओढली की कागदाचं साल निघतं. अडली तर केस वाळवायच्या यंत्राने थोडी ऊब दे.

तपकिरी, चिवट, नक्षी कापलेला कागद आहे तो बाजारातला. इथे दर महिन्याच्या २१ तारखेला तोजी देवळात आणि २५ ला कितानो तेनमान्गू देवळात जुना बाजार भरतो. २५ हा तिथल्या मिचिझाने यांचा दिवस. हा विद्येचा आणि सुंदर अक्षराचा देव, त्यामुळे कागद-दौतीचं वेड असलेल्यांनी तिथेच जावं असं माझं मत. पहाटे लवकर गेलं की निवड जास्त, दुपारी उशिरा गेलं की भाव कमी. हा कागद म्हणजे किमोनोवर नक्षी छापायचा साचा, कातागामी. हातकागदाचे थर तेंदूच्या जातीच्या कच्च्या फळाच्या रसाने चिकटवून, धुराने पक्के करून त्यावर कापतात. मिए प्रांतातल्या सुझुकाचे साचे सगळ्यात नावाजलेले. किमोनोचा वापर घटला तसे ढिगाने बाजारात आले. घेताना उजेडासमोर धरून बघायचं: नक्षीचे बारीक दुवे तुटलेत का, आतली रेशमाची जाळी शाबूत आहे का, किड्यांनी स्वतःची वेगळी नक्षी पाडली आहे का.

वापरण्याआधी दहा मिनिटं साध्या पाण्यात भिजव, कोरडा वाकवला की मोडतो. कार्डावर पसरून कडा पट्टीने धर, आणि पोस्टर कलर दाट, जवळजवळ कोरडा, स्पंजच्या तुकड्याने वरून टिपत लाव. घासला तर रंग साच्याखाली शिरतो आणि नक्षी बुजते. उचलताना एका कोपऱ्यापासून सरळ वर. मग थंड पाण्याने धुऊन वर्तमानपत्राच्या दोन पानांत, वर जाड पुस्तक ठेवून वाळव. दिवाळीच्या शुभेच्छापत्रांना हा एक साचा पुरेल.

सईच्या वहीच्या शेवटच्या पानांवर रेल्वे स्थानकांचे शिक्के मारले आहेत. १९३१ मध्ये फुकुई स्थानकात हे सुरू झालं, आता बहुतेक मोठ्या स्थानकांत टेबलावर शिक्का आणि शाईची गादी ठेवलेली असते, फुकट. खाली मऊ पुठ्ठा ठेवायचा, शिक्का टेकवून न हलवता चारही कडांवर क्रमाने भार द्यायचा, म्हणजे मधला भाग फिका राहत नाही. देवळातले हाताने लिहून देतात ते वेगळे, त्यांची वही वेगळी असते आणि त्यात स्थानकांचे शिक्के मारलेले पुजाऱ्यांना खपत नाहीत.

कासला फुलं बघायला जाल तेव्हा पाणी भरायचा ब्रश, चार कार्डं आणि प्रेपी एवढंच न्या. ब्रशची नळी तीन चतुर्थांश भर, घाटात उंचीवर आतली हवा फुगते आणि काठोकाठ भरलेली गळते.

आता माझी यादी. न छाटलेले बोरू पाच-सहा, पेरांमधलं अंतर लांब असेल ते. पुण्याचा हातकागद, पांढरा, गुळगुळीत आणि खरखरीत दोन्ही. बाभळीचा डिंक पाव किलो, खड्यांचा, पूड नको, पुडीत काय मिसळलंय ते कळत नाही. आपल्याकडे काजळीत सरसाऐवजी हाच डिंक घालतात, आणि थंडीत सरसाची शाई थिजते तशी डिंकाची थिजत नाही. इथल्या जानेवारीत मला तीच करून बघायची आहे. डिंक कागदाच्या पुडीत नको, डब्यात भर.

बाकी क्षेम. आईने गुडघ्यांचं औषध चालू ठेवलंय ना, ते कळव.

तुझी,
धाकटी

ता. क. कार्बन शाईची बाटली दोन पिशव्यांत आहे. उघडताना ती उभी धरून, मोरीतच उघड, ही शाई कपड्यावरून निघत नाही.